पाटी कंपनीची, पैसा आपला



1991 साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. व्यापारी शेती हे तिचे एक अंग. तेव्हा दुकान टाकणे आपल्याला वर्ज्य नाही. 1947 च्या फाळणीनंतर घरदार सोडून आलेले सिंधी लोक या जरीपटक्यात वसले आणि व्यापारावर उभे राहिले. आज आपल्या पोरांपुढे फ्रँचायझीचा रस्ता आहे.

ही दुकानाची बटईच. पण बटईत पीक बुडाले तर मालकाचा वाटाही बुडतो. इथे रॉयल्टी बहुधा विक्रीवर कापतात, नफ्यावर नाही.

समजा, महिन्याची विक्री 2 लाख. शेकडा 20 सुटले तर 40 हजार. रॉयल्टी शेकडा 5, म्हणजे 10 हजार. भाडे-वीज 15 हजार, नोकर 10 हजार. उरले 5 हजार! त्यातच घरच्या दोघांची मजुरी आणि भांडवलाचे व्याज. कापसाच्या उत्पादन खर्चात घरची मजुरी धरा, असे आपण सरकारला सांगतो. मग दुकानात ती का सोडायची?

फ्रँचायझीसाठी देशात वेगळा कायदा नाही. 1872 चा करार कायदाच लागतो. म्हणून सहीआधी विचारा: शेजारी दुसरे दुकान देणार का? न खपलेला माल परत घेणार का? अनामत केव्हा मिळणार? दुकान बंद केलेल्यालाही भेटा.

हिशेब जुळला तर जरूर घ्या. पण जमीन गहाण टाकून नको. नाही जुळला, तर आपल्या ज्वारीचे पीठ, आपल्या तुरीची डाळ आपल्याच पाटीखाली विकू.