रियाजाचे खाडे

आमच्या स्वयंपाकघरात, दाराच्या मागे, दिनदर्शिका टांगलेली असते. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेच्या चौकटीत मी फुली मारते. हे दुधाचे खाडे. गेली काही वर्षं त्याच चौकटीत, खालच्या कोपऱ्यात, कधी कधी एक टिंबही असतं. ते रियाजाचे खाडे. आज त्या टिंबांविषयी बोलणार आहे.

मी पुण्यात कथक शिकले. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये इथे ‘नृत्यभारती’ सुरू केली, तेव्हा चांगल्या घरच्या मुलीने नाच शिकावा का, हाच प्रश्न होता. माझ्या लहानपणापर्यंत तो मिटला होता. वडील स्वतः मला सायकलवरून क्लासला सोडायचे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा मी दिल्या. २००७ मध्ये लग्न झालं. पतपेढीतली नोकरी, पाठोपाठ मुलगा, आणि घुंगरू बिस्किटांच्या डब्यातून माळ्यावर गेले.

पंधरा वर्षांनी, २०२२ च्या दिवाळीच्या साफसफाईत, तो डबा खाली आला. पितळ काळवंडलं होतं. दोरी इतकी विरली होती की हातात घेताच तुटली आणि घुंगरू फरशीभर घरंगळले. ते गोळा करता करताच मी ठरवलं, पुन्हा नाचायचं.

आठवड्यातून दोनदा क्लास सुरू केला. बाई म्हणाल्या, ‘इथे मी शिकवीन, पण ते पायात बसेल घरीच.’ मी उत्साहाने रोज पहाटे साडेपाचला एक तास रियाज करायचा असा नेम केला. तो नऊ दिवस टिकला. टाइल्सच्या कडक जमिनीवर अनवाणी पाय आपटून टाचा आणि नडग्या दुखायला लागल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. ‘अगं, आमच्या डोक्यावर पहाटे कोण धान्य कांडतं?’

मग मी म्हटलं, वेळ मिळेल तेव्हा करू. घरात चार माणसं असताना बाईला वेळ मिळत नसतो, हे सांगायला नकोच. घुंगरू बांधायला बसावं, तर मुलाचं गणित अडलेलं. तत्कार सुरू करावा, तर ह्यांचा चष्मा सापडत नसे. मी दर वेळी उठायची आणि मनात चरफडायची. त्या महिन्यात क्लासमध्ये दुगुनीत मी सम चुकले. बाईंनी विचारलं, ‘घरी केलंस?’ मी ‘हो’ म्हटलं. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढच्या मुलीकडे वळल्या. चाळिशीतली बाई मी, पण त्या दिवशी रिक्षात रडले.

घरी येऊन सगळा राग सासूबाईंसमोर काढला. ‘तुमच्या पूजेच्या वेळी कुणी तुम्हाला हाक मारत नाही. माझ्याच वेळी सगळ्यांना सगळं कसं आठवतं?’ त्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘मी पूजेवरून उठत नाही, म्हणून कुणी हाक मारत नाही. तू पहिल्या हाकेला उठतेस.’

ऐकायला ते बोचलं, पण खरं होतं. माझ्या रियाजाला घरात वेळच नव्हती, कारण ती मीच दिली नव्हती. मी खालच्या काकूंकडे गेले आणि सरळ विचारलं, ‘तुम्हाला कोणती वेळ चालेल?’ त्या म्हणाल्या, ‘सातनंतर कितीही नाच. आमचा टीव्ही तुझ्यापेक्षा मोठ्याने चालू असतो.’ दिवेलागण झाली की सव्वासात ते सात पस्तीस, अशी वेळ ठरली. फक्त वीस मिनिटं. रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसले तेव्हा मी ती वेळ सगळ्यांना सांगितली.

वीस मिनिटांत काय होतं, असं कुणालाही वाटेल. पण हिशेब करून पाहा. तत्कार म्हणजे ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’. तीनतालाच्या सोळा मात्रांत तो दोनदा बसतो. मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत दहा मिनिटं केलं, तर पाय सहाशे वेळा जमिनीवर पडतो. दुगुनीत बाराशे वेळा. हे रोज झालं की पाय आपोआप समेवर यायला लागतो. उरलेल्या दहा मिनिटांत थोडे हस्तक, थोड्या चकरा आणि एखादा तुकडा. रविवारी सलग दोन तास नाचून मी पाहिलं आहे. त्याने सोमवारी पाय दुखतात, एवढंच.

शिवाय सगळा रियाज पायांनीच करावा लागत नाही. कथकात पढंत असते. तोंडाने बोल म्हणायचे आणि हाताने ताल द्यायचा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. ही पढंत मी बसमध्ये करते, कुकरच्या शिट्ट्या मोजताना करते. तेव्हा आवाज नाही की टाचांना त्रास नाही. टाच फारच दुखत असेल त्या दिवशी खुर्चीवर बसून नुसती पढंत केली, तरी मी खाडा धरत नाही. जुने कलावंत चाळीस दिवसांचा ‘चिल्ला’ करायचे. सगळं सोडून फक्त साधना. त्या तपाला नमस्कारच करायला हवा. पण ज्याला सकाळी डबा भरायचा आहे, त्याने त्या तपाशी स्वतःची तुलना करू नये.

आणखी एक केलं. नव्या दोरीत ओवलेले घुंगरू माळ्यावर किंवा कपाटात न ठेवता दिवाणखान्यातल्या खुंटीला टांगले. जाता-येता दिसतात. डब्यातली वस्तू काढायलाही कष्ट पडतात आणि थकलेल्या माणसाला तेवढंच निमित्त पुरतं.

पहिल्या महिन्यात दिनदर्शिकेवर अकरा टिंबं होती. पूर्वी इतक्या खाड्यांवर मी नाद सोडला असता. पण दुधाचे खाडे झाले म्हणून आपण दूध बंद करतो का? दुसऱ्या दिवशी भांडं घेऊन दारात उभे राहतोच. गेल्या महिन्यात चार टिंबं होती. त्यातली दोन सासूबाईंना ताप होता तेव्हाची. त्यांचं मला दुःख नाही.

परवा चौगुनीत असताना फोन वाजला. मी थांबले नाही. मुलाने फोन उचलला आणि पलीकडच्या माणसाला म्हणाला, ‘आई रियाज करतेय. पावणेआठला करा.’ त्याच्या आवाजात कौतुक नव्हतं आणि वैतागही नव्हता. ‘आजी पूजेला बसलीय’ हे तो जसं सांगतो, अगदी तसंच सांगितलं.

तेव्हा लक्षात आलं, सवय मला एकटीला लागलेली नाही, घरालाही लागली आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)