जन्मतः वाकडे पाऊल

श्रोतेहो, मूल जन्मले की घरातले जाणते बाईमाणूस आधी त्याची बोटे मोजते. कधी बोटे दहाच्या दहा असतात, पण पाऊल आत वळलेले, टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे वळलेला असतो. मग कुजबुज सुरू होते. ग्रहणात सुनेने विळी हातात घेतली होती का? बिचारी ओली बाळंतीण, आणि तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे! तेव्हा पहिली गोष्ट ही, की ग्रहणाचा आणि या पावलाचा काडीइतका संबंध नाही. बहुतेक बाळांत नेमके कारण सापडत नाही; काही घराण्यांत ते वारशाने येते, एवढेच.

डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. हजार जन्मांमागे सुमारे एका बाळाला ते असते. मुलींपेक्षा मुलग्यांत दुप्पट, आणि निम्म्या बाळांत दोन्ही पावलांना. हजारात एक म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण हिशेब करा. 2011 च्या शिरगणतीत पिंपरी-चिंचवडची वस्ती 17 लाखांवर होती. हजार माणसांमागे वर्षाला 15 जन्म धरले, तरी या एका शहरात वर्षाकाठी पंचवीसएक बाळे झाली. चाकण-खेडकडची निराळीच.

पूर्वी अशा पावलावर मोठी शस्त्रक्रिया करीत. पाऊल सरळ दिसे, पण पुढे ताठर होई, दुखे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात इग्नासिओ पॉन्सेटी नावाच्या स्पॅनिश डॉक्टरांनी हे पाहिले आणि 1940 नंतरच्या दशकात वेगळी वाट काढली. तान्ह्या बाळाची हाडे अजून कूर्चेची, बंध लवचीक. मग कापायचे कशाला? हाताने हळूहळू वळवायचे, आणि वळलेले तसेच धरून ठेवायला मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे. दर आठवड्याला ते बदलायचे. पाच ते सात प्लास्टरांत पाऊल बाहेर वळते. टाच मात्र बहुधा वरच राहते. त्यासाठी टाचेमागची ताठ शीर बारीकशा छेदाने सोडवतात. तीन आठवडे शेवटचे प्लास्टर, तेवढ्यात ती शीर पुन्हा सांधते.

इथे आईबाप सुटकेचा श्वास टाकतात, आणि घोटाळा नेमका इथेच होतो! पाऊल सरळ झाले तरी त्याची ओढ जुन्या जागेकडेच असते. म्हणून पट्टीने जोडलेले दोन बूट पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, आणि पुढे चार वर्षांचे होईपर्यंत रात्री व झोपेच्या वेळी घालावे लागतात. मूल पहिले काही दिवस रडते, आजीला दया येते, बूट फळीवर जातात, आणि पाऊल पुन्हा वळते.

चाकणच्या कंत्राटी कामगाराला दर आठवड्याचा खाडा परवडत नाही, हे मी जाणतो. आपल्या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते; पहिल्याच भेटीत दवाखान्याचा वार विचारून घ्या, म्हणजे पाळीची अदलाबदल करता येईल. खोली सोडून गावी जायचे झाले, तर उपचाराचे कागद बरोबर न्या, आणि तिथल्या जिल्हा रुग्णालयात लगेच दाखवा. खर्चाचा बाऊ नको. फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आशाताईंना सांगा, त्या वाट दाखवतील.

प्लास्टर भिजवू नये. पायाची बोटे निळी, गार किंवा सुजलेली दिसली, तर पुढच्या वाराची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि गुरुजी, पहिलीच्या वर्गात एखादे मूल पावलाच्या कडेवर चालत येत असेल, तर तेही उशिराचे म्हणून सोडू नका. या वयातही प्लास्टरने पुष्कळ सुधारणा होते. वेळ अधिक लागतो, कधी शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते. बाल स्वास्थ्याचे पथक शाळेत येते, तेव्हा त्या मुलाला त्या दिवशी हजर ठेवा.