पेनड्राइव्ह पारखून घ्यावा
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी सतरंज्या घालते आणि मागे जाऊन बसते. यंदा अध्यक्षबाईंनी मला बोलायला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि विषय संगणकातला, तेव्हा कोणाला हसू आले तर नवल नाही. पण मी शिकून बोलत नाही, ठेच लागली म्हणून बोलते आहे.

आमच्या सासूबाईंना जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत. घरातले जाते कधीच कोपऱ्यात गेले होते, पण पहाटे जाग आली की त्यांच्या तोंडी ओवी यायचीच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आहेत. नांदेडच्या आमच्या गल्लीत मात्र सासूबाईंना कोणी विचारायला आले नव्हते. त्यांच्या ओव्या राखायच्या तर त्या आम्हीच राखायच्या होत्या. म्हणून त्यांची तब्येत ढासळू लागली तेव्हा माझ्या मुलीने मोबाईलवर त्यांचा आवाज उतरवून घेतला. साठ ओव्या झाल्या.

मोबाईल भरला, म्हणून पेनड्राइव्ह आणायला मी बाजारात गेले. दुकानात 32 जीबीचा जेवढ्याला मिळत होता, तेवढ्याच पैशांत बाहेर गाड्यावर 2 टीबीचा मिळाला. म्हणजे साठपट! मला वाटले, शेर मागितला आणि खंडी पदरात पडली. घरी आल्यावर त्यात आधी धाकट्या दिरांच्या लग्नाचे शूटिंग भरले, मग ओव्या. साठही नावे ओळीने दिसली. मोबाईलमधल्या आम्ही पुसून टाकल्या.

पुढे सासूबाई गेल्या. तेराव्याला पाहुणे जमले होते. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, आईचा आवाज लावा की." लावला. नऊ ओव्या वाजल्या. दहावीपासून आवाजच नाही. नावे साठ, आवाज नऊ. नणंदबाई काही बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागले.

असे का झाले, ते पुढे एका जाणत्या मुलाने समजावून दिले. कणगीवर खडूने 'दहा खंडी' लिहिले म्हणून तीत दहा खंडी धान्य मावत नाही. खोट्या पेनड्राइव्हमध्ये साठवण लहानच असते, पण आतल्या यंत्राला खोटे माप सांगायला शिकवलेले असते. नावांची यादी सुरुवातीच्या पानावर लिहिली जाते, म्हणून नावे सगळी दिसतात. जागा संपली की पुढचा माल मात्र वाऱ्यावर जातो, नाही तर आधीच्या मालावर चढतो. आणि तक्रार कोठेच उमटत नाही. फसलो हे कळते ते गरज पडते तेव्हा.

तेव्हा भगिनींनो, पहिली गोष्ट म्हणजे आपल्याला लागते किती, याचा हिशेब करावा. साधा आवाज एका मिनिटाला सुमारे 1 एमबी जागा घेतो. हजार एमबींचा एक जीबी. म्हणजे 32 जीबीत पाचशे तासांचा आवाज मावतो. मला 2 टीबी कशाला हवा होता? तेवढी जागा भजनांनी भरली असती, तर रात्रंदिवस वाजवूनही पावणेचार वर्षे पुरली असती! शिवाय जुने स्पीकर आणि टीव्ही 32 जीबीपर्यंतचेच नीट वाचतात, मोठे पुष्कळदा वाचत नाहीत. तो 32 चा पेनड्राइव्ह संगणकात 29 च्या आसपास दिसतो. त्याने घाबरू नये, ती चोरी नव्हे. कारखानदार हजाराने मोजतो आणि संगणक 1024 ने, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट, पक्क्या पावतीशिवाय घेऊ नये. पाकिटावर किंमत, तयार करणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तक्रारीचा क्रमांक छापलेला पाहावा. दोन दुकानांत भाव विचारावा. त्याहून फारच स्वस्त कोणी देऊ लागला तर हात आखडावा. फसवणूक झालीच तर ग्राहकांसाठी 1915 हा सरकारी क्रमांक आहे. नामांकित मालावर काही वर्षांची हमी असते खरी, पण ती वस्तूची असते. बिघडला तर नवा पेनड्राइव्ह मिळेल, गेलेला आवाज मिळणार नाही.

तिसरी गोष्ट, माठ घेताना आपण बोटाने वाजवून घेतो, तसा हा भरून पाहावा. एचटूटेस्टडब्ल्यू नावाची फुकट मिळणारी सोय संगणकावर चालते. ती रिकामा पेनड्राइव्ह काठोकाठ भरते आणि भरलेले परत वाचून माप खरे की खोटे ते सांगते. ते जमत नसेल तर निरनिराळ्या चित्रफितींनी तो पूर्ण भरावा आणि पहिली, मधली, शेवटची लावून पाहावी. ही परीक्षा होईपर्यंत मोबाईलमधले काही पुसू नये.

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. माझे माहेर औसा तालुक्यातले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सातवी होऊन आठवीत बसले होते. माझी शाळा सुटली ती तेव्हाच. आमची माणसे वाचली, पण घर बसले आणि ट्रंकेतला आजीचा एकुलता एक फोटो मातीत गेला. दुसरी प्रत कोणाच्याच घरी नव्हती. आज तिचा चेहरा मला नीट आठवत नाही. एवढे भोगूनही मी सासूबाईंचा आवाज एकाच ठिकाणी ठेवला, ही चूक गाडेवाल्याची नव्हे, माझी.

म्हणून मोठा एक घेण्यापेक्षा लहान दोन घ्यावेत आणि दोन घरी ठेवावेत. अस्सल पेनड्राइव्हही अमर नसतो. सहा महिन्यांनी लावून ऐकावा आणि काही वर्षांनी नव्यावर उतरवावा.

त्या नऊ ओव्या मी आता दोन 32 जीबींवर उतरवल्या आहेत. एक नांदेडला माझ्या कपाटात आहे, दुसरा लातूरला नणंदबाईंकडे. राहिलेल्यांपैकी तेवीस ओव्या नणंदबाईंना आठवल्या. त्या त्यांच्या आवाजात घेतल्या. आवाज आईचा नाही, पण शब्द आईचे आहेत.

तुमच्या घरी म्हाताऱ्या आहेत तोवर हे काम करा, आणि पेनड्राइव्ह पारखून घ्या.