शून्याचे राखणदार



आपल्या धुळ्यावरून निघून शिरपूर, सेंधवा करीत सातपुडा चढणारा आणि पुढे नर्मदा ओलांडणारा मुंबई-आग्रा रस्ता ज्या महूच्या छावणीवरून जातो, तेथे १९३३ साली जन्मलेल्या आणि १९४७ साली लष्करात बँडवाला म्हणून रुजू झालेल्या एका शिपायाची हकिकत, कापसाच्या गाठी मोजणाऱ्या या जामनेर तालुक्यात आज सांगावीशी वाटते. कारण त्याचे सारे कर्तृत्व शून्याने मोजावे लागते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा तो शिपाई म्हणजे भारताचे हॉकी गोलरक्षक शंकर लक्ष्मण.

आरंभी ते फुटबॉलचे खेळाडू होते. आणि हॉकीत चेंडूला पाय लावण्याची मुभा एकट्या गोलरक्षकासच, तीही आपल्या वर्तुळापुरती असल्यामुळे, फुटबॉलवर कमावलेले ते पाय येथे कामी आले असल्यास नवल नाही. १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच अशा चौकटीत, त्या काळी शिरस्त्राणावाचून, टणक चेंडूपुढे उभे राहावयाचे. आणि प्रतिस्पर्धी १६ यार्डांच्या वर्तुळात शिरला की, देहाची स्वाभाविक ओढ मागे सरण्याची असताना, नेमकी दोन पावले पुढे टाकावयाची, कारण रक्षक जसजसा पुढे येतो तसतशी त्याच्या पाठीमागची चौकट मारणाऱ्याच्या दृष्टीला अरुंद होत जाते.

मेलबर्नच्या १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये भारताने ३८ गोल केले, एकही होऊ दिला नाही, आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० असे हरविले. रोममध्ये १९६० साली पुन्हा पाकिस्तान, पुन्हा १-०, परंतु पारडे फिरलेले. १९२८ पासून अखंड चालत आलेली सुवर्णपदकांची परंपरा त्या एका गोलाने खंडित झाली. टोकियोत १९६४ साली मोहिंदर लाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर मिळवून दिलेला एकुलता एक गोल शेवटच्या शिटीपर्यंत सांभाळून लक्ष्मण यांनी तीच संख्या पुन्हा आपल्या बाजूला वळविली; आणि १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत, ते स्वतः संघनायक असताना, तोच प्रतिस्पर्धी आणि तोच १-०. या चारही सामन्यांत झालेल्या गोलांची नोंद इतिहासाच्या दप्तरी कायम झाली. अडविलेल्या चेंडूंना मात्र गुणफलकावर रकाना नव्हता.

स्नातकहो, उद्या तुमच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येणारे हुद्दे याच जातीचे आहेत. सातबाऱ्यावर चुकीची नोंद होऊ न देणारा तलाठी, गावच्या विहिरीत वेळेवर औषध टाकून साथ येऊ न देणारा आरोग्यसेवक, हिशेबातील खाडाखोड वेळीच पकडणारा कारकून, यांच्या दक्षतेचे फळ एवढेच की काही घडत नाही. आणि जे घडलेच नाही त्याचे वर्णन कोणत्याही अहवालात येत नाही. कापसाच्या गंजीला वर्षभर आग लागली नाही म्हणून जिनिंगच्या राखणदाराचा सत्कार झालेला आपल्यापैकी कोणी पाहिला आहे काय?

शासनाने लक्ष्मण यांना अर्जुन पुरस्कार आणि १९६७ साली पद्मश्री दिली, हे खरे. ते १९७९ साली कॅप्टनच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, हेही खरे. परंतु ज्या पायांनी देशाची चौकट राखली त्यांपैकीच एकाला गँगरीन जडून २९ एप्रिल २००६ रोजी महू येथे त्यांचा अंत झाला, आणि त्यांच्या अखेरच्या हलाखीची वार्ता वाचून अनेकांना ते तोवर हयात होते हे प्रथमच कळले असेल.

म्हणून माझे मागणे दुहेरी आहे. आपल्या चौकटीत उभे राहाल तेव्हा टाळीची वाट न पाहता दोन पावले पुढे या. आणि अधिकाराच्या खुर्चीवर बसाल तेव्हा, ज्याच्यामुळे काही घडले नाही, त्या राखणदाराला नावाने हाक मारा.