स्नायूंचें स्थलांतर

सोलापूरच्या श्रोत्यांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस हें नांव परकें नाहीं. या शहरांत १९१० सालीं जन्मलेले हे शल्यवैद्य १९३८ मध्यें भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरांत तेथेंच निवर्तले. रणांगणावर जखमीचा प्राण वांचविणें हेंच मोठें काम. चिरडलेला हात पुन्हा कामास येईल कीं नाहीं, हा प्रश्न मागें राही.

यंत्रमागांच्या या नगरींत तो प्रश्न फार समजावून सांगावा लागत नाहीं. कातडी भरून येते, हाड सांधतें; परंतु कोपराखालील स्नायूच नष्ट झाले असल्यास बोटें मिटत नाहींत. दुसरीकडचा स्नायू तेथें आणावा, तर तो नुसता शिवून भागत नाहीं. त्याची रोहिणी, नीला आणि मज्जातंतु नव्या जागीं जोडावे लागतात, आणि रक्तवाहिन्या तर कांहीं तासांच्या आंत. रक्तावांचून स्नायू फार काळ तग धरीत नाहीं.

हें कौशल्य प्रथम मनुष्यावर गिरवावें कसें? १९६० सालीं अमेरिकेंत जेकबसन व सुआरेझ यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं प्राण्यांच्या बारीक रोहिण्या जोडून दाखविल्या. १९७० मध्यें जपानचे तामाई यांनीं कुत्र्याचा स्नायू पूर्ण सुटा करून रक्तवाहिन्या व मज्जातंतु यांसह पुन्हा जोडल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तीन वर्षांनीं शांघायच्या शल्यविशारदांनीं छातीच्या स्नायूचा भाग एका रुग्णाच्या कोपराखालीं बसविला. कोटणीस ज्या देशांत झिजले, त्याच देशांत!

आज शिकाऊ शल्यवैद्याचा हात पांढऱ्या उंदरावर बसतो. त्याच्या मांडींतील रोहिणी जेमतेम एक मिलिमीटर रुंद; टांक्याचा धागा केसाहूनही बारीक. पण उंदरावरील यश मोठें फसवें. त्याच्या तुटलेल्या तंतूंना थोडेंच अंतर काटावयाचें असतें, आणि ते झपाट्यानें वाढतात. माणसांत ही वाढ दिवसाला सुमारें १ मिलिमीटर. १० सेंटिमीटर जावयास तीन महिन्यांहून अधिक. तोंवर तो निश्चल स्नायू सुकत जातो. म्हणून कुत्रा, डुक्कर, मेंढी अशा मोठ्या प्राण्यांकडे वळावें लागलें.

मग त्या मुक्या जिवांचें काय? १९६० सालींच भारतांत प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा झाला. प्रयोगांतील शस्त्रक्रियेस पुरेशी भूल द्यावी, आणि वैद्यकीय शिक्षणांत पुस्तकानें वा प्रतिकृतीनें भागत असेल तेथें प्राणी टाळावा, असें त्यांत सांगितलें आहे. खाटकाकडील कोंबडीच्या तंगडीवरही पुष्कळ सराव होतो. मात्र त्या तंगडींत रक्त वाहत नाहीं. टांका चुकल्यावर गुठळी होईल कीं नाहीं, हें ती सांगूं शकत नाहीं.