कानातील मळ आणि औषधी थेंब



आजचा विषय प्रथमदर्शनी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. कान गच्च झाला, ऐकू कमी येऊ लागले, की औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणावयाची, हा परिपाठ आता सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. बाटली डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळते. परंतु कानाचा पडदा शाबूत आहे की नाही, हे दुकानदाराला सांगता येत नाही. खरा प्रश्न येथेच आहे.

मुळात कानातील मळ ही घाण नव्हे. कानाची नळी सुमारे २.५ सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरील भागातील ग्रंथींचा स्राव, झडलेली त्वचा आणि धूळ यांचा मळ बनतो. तो त्वचा स्निग्ध राखतो व जंतूंना अटकाव करतो. नळीची त्वचा आतून बाहेर हळूहळू सरकत असते आणि तिच्याबरोबर मळही बाहेर येतो. निसर्गाने हे काम आपल्या हाती दिलेलेच नाही! आपण मात्र आगकाडी, केसांतील पिन, कानकोरणे आणि अलीकडे कापूस गुंडाळलेली काडी घेऊन बसतो व बाहेर येऊ पाहणारा मळ पडद्याकडे ठासतो. वृद्धांच्या आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या कानात तो न कोरताही साचतो.

असा मळ घट्ट बसला म्हणजे थेंबांचा उपयोग होतो. ते मळ ओढून काढीत नाहीत, केवळ मऊ करतात. काहींत सोडियम बायकार्बोनेट असते, काहींत हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडील काही बाटल्यांत पॅराडायक्लोरोबेन्झिन व टर्पेंटाइन तेल असते. यांपैकी एक प्रकार दुसऱ्याहून निश्चित सरस असल्याचा भक्कम पुरावा २०१८ मधील कॉक्रेन आढाव्यात मिळाला नाही. तेव्हा महाग बाटली अधिक गुणकारी, असे समजण्याचे कारण नाही.

बाटली काही वेळ मुठीत धरून कोमट करावी, कारण गार थेंबांनी भोवळ येते. कुशीवर निजून, मोठ्या माणसाची कानाची पाळी वर व मागे ओढून, बाटलीवर सांगितले असतील तेवढेच थेंब सोडावेत आणि काही मिनिटे तसेच पडून राहावे. हा उपाय तीन ते पाच दिवस करावा, अधिक लांबवू नये. पहिल्या एकदोन दिवसांत मळ फुगून कान अधिकच बंद झाल्यासारखा वाटतो. पुष्कळ लोक येथेच घाबरून पुन्हा काडी हाती घेतात. तसे करू नये. मऊ झालेला मळ न निघाल्यास प्रशिक्षित व्यक्तीकडून काढून घ्यावा. लसूण घालून कढवलेले तेल कानात ओतण्याचा घरगुती प्रयोग तर टाळलेलाच बरा. तेलाने भाजण्याचे भय असते, मग लसूण कितीही गुणाची असो.

आता ज्यांनी थेंबांच्या वाटेस जाऊच नये, त्यांच्याविषयी. ज्याचा कान फुटतो, म्हणजे ज्यातून पू किंवा पाणी येते, ज्याच्या पडद्याला पूर्वी छिद्र पडले आहे, ज्याच्या कानावर शस्त्रक्रिया झाली आहे अथवा ज्याला ठणका व ताप आहे, त्याने मळाचे थेंब घालू नयेत. फाटलेल्या पडद्यातून औषध मध्यकर्णात उतरते व इजा करते. कान फुटणे हा आपल्याकडे, विशेषतः मुलांत, वारंवार आढळणारा विकार आहे. तसेच एका कानाचे ऐकणे एकाएकी गेले, तर मळाचा तर्क करीत आठवडा दवडू नये. तो आतील कानाचा विकार असू शकतो आणि त्यावरील उपचार पहिल्या काही दिवसांतच अधिक फलद्रूप होतात.

शिक्षकांना एक विनंती. हाक मारली तर न वळणारा, एकच कान पुढे करणारा विद्यार्थी बेशिस्त असेलच असे नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष व मध्यकर्णाचा दाह यांचा समावेश आहे. शाळेत येणाऱ्या तपासणी पथकापुढे अशा मुलाला आवर्जून उभे करावे. पथकाची फेरी लांब असेल, तर पालकांना सांगून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे आणि कान तपासून होईपर्यंत घरी कोणतेही थेंब घालू नयेत, हेही त्याच वेळी सांगावे.