वाटेवरच्या देशाचा कायदा

वाशी-बेलापूरचे एखादे कुटुंब परदेशी बिऱ्हाड हलवते, तेव्हा घरचा कुत्राही निघतो. जेथे जायचे तेथले नियम सारे विचारतात. वाटेवरच्या देशाचे विचारायचे राहून जाते. कॅनडाला जाताना जर्मनीत दोनच दिवस उतरायचे म्हटले, तरी युरोपचा कायदा लागतो. आधी कातडीखाली चिप, मग रेबीजची लस, किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणे! हा जाच नव्हे. रेबीज अंगात महिनोन्‌महिने दबा धरून बसतो. कागद अपुरे, तर मुके जनावर परत धाडले जाते किंवा कोंडून ठेवले जाते. म्हणून तिकिटाआधी दिवस मोजावेत.